विंगेतलं नशीब

तुमच्यावर संगीत नाटकात किंवा आजीच्या गोष्टीत पात्र व्हायची पाळी आली, तर डोकं घरी ठेवून या. अनुभवाचे बोल आहेत. बेळगावात आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं अठरा वर्षं मी विंगेत बसून पुस्तक धरतोय. लोक मला प्रॉम्प्टर म्हणतात, पण पात्रांच्या लेखी मीच सटवाई. ती सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते नि पुन्हा तोंड दाखवत नाही. मला दर वाक्याला घसा फोडावा लागतो.

हे काम आपल्याला नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं नि १८८२ साली ‘सौभद्र’. नशिबाला साकी-दिंडीची चाल लागली ती आपल्याच माणसाच्या हातून, एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही.

आता कामाचं बोलू. पात्र झाल्याबरोबर एखादा चांगला शाप गाठा. महाभारतातल्या दुष्यंताकडं शाप नव्हता. त्याला सगळं आठवत होतं, तरी भरदरबारात त्यानं शकुंतलेला ओळख दिली नाही, लोक काय म्हणतील म्हणून. असल्या माणसाला नायक कोण करणार? मग कालिदासानं दुर्वासाला बोलावलं, अंगठी मासळीच्या पोटात घातली आणि राजा धुतल्या तांदळासारखा झाला. तुम्हीही दुर्वासाच्या शोधात राहा. हल्ली फार हिंडावं लागत नाही. परवा उताऱ्यासाठी एका कचेरीत गेलो, तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “सर्व्हर डाऊन आहे की, उद्या या.” किती निर्मळ चेहरा! दुष्यंताला जमला नसता.

स्वतःची अक्कल चालवायचा मोह झालाच, तर आधी ‘सौभद्र’मधला बलराम बघून घ्या. सुभद्रा दुर्योधनालाच द्यायची, हा त्याचा स्वतःचा, स्वतंत्र, ठाम निर्णय. त्याच ठाम डोक्यानं तो एका यतीला घरी आणतो आणि त्याच्या सेवेला बहिणीलाच ठेवतो. यती म्हणजे अर्जुन, हे पहिल्या रांगेतल्या पोरांनाही कळलेलं असतं. सगळ्या नाटकात स्वतःच्या मनानं वागणारा हा एकटाच, आणि हसं होतं ते त्याचंच. कृष्ण बाजूला उभा राहून गालात हसतो. मी विंगेतून हसतो तसाच.

बंड करावंसं वाटलं तर देवलांची ‘शारदा’ आठवा. १८९९ सालचं नाटक. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी शारदेचं लग्न लागायला निघालेलं. ते कशानं मोडलं? तिच्या रडण्यानं नाही, आईच्या कळवळ्यानंही नाही. नवरा-नवरी एकाच गोत्राची निघाली म्हणून मोडलं! तेव्हा मुलींनो, अश्रू राखून ठेवा आणि आधी गोत्र विचारा.

खऱ्या स्वेच्छेचा नमुनाच बघायचा असेल, तर बैलहोंगलच्या बाजूला ‘संग्या बाळ्या’ या कन्नड लोकनाट्याचा खेळ लागतो का ते बघा. कन्नड येत नसलं तरी चालतं, सुऱ्याला भाषा लागत नाही. ना शाप, ना अंगठी, ना कृष्ण. संग्या दुसऱ्याच्या बायकोवर उघड्या डोळ्यांनी जीव टाकतो, जिवलग मित्र बाळ्या दगा देतो आणि संग्या उघड्या डोळ्यांनीच मरतो. स्वेच्छा म्हणतात ती ही. परवडत असेल तर घ्या.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना मात्र भोपळ्यातल्या म्हातारीचा मार्ग मानवतो. वाघ समोर येतो. म्हातारी नशिबाशी भांडत नाही, नुसती तारीख मागते: लेकीकडं जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. १९५६ सालच्या नोव्हेंबरच्या एक तारखेला आमच्या कपाळावर नवीन राज्याचं नाव लिहिलं गेलं. पुढं सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि आमची टुणुक टुणुक अजून चालूच आहे. इतकी वर्षं तूपरोटी खाऊन यातला वाघ कोण आणि म्हातारी कोण, हे आता मलाही नक्की सांगता येणार नाही.

तरीही सल्ला तोच: पुस्तक सोडू नका. गेल्या खेपेला आमचं ‘सौभद्र’ चाललं होतं. ऐन पहिल्या अंकात वीज गेली. रंगमंचावर पेट्रोमॅक्स आणला, पण विंगेत काळोख. मी मोबाईलचा टॉर्च लावला तर बॅटरी एक टक्का, दोन ओळींत तोही मेला. बलराम माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. हार्मोनियमवाल्यानं सूर धरून ठेवला. बलराम घामाघूम. शेवटी त्यानं गदा खाली ठेवली आणि स्वतःच्या मनानं म्हणाला, “पोरीचं मन अर्जुनावर आहे, तर देऊन टाकू की गा! कशाला उगा ताणायचं?”

नाटक दहाव्या मिनिटाला संपलं होतं. कृष्णाला काम उरलं नव्हतं, घटोत्कच आत अजून मिशी चिकटवत होता. सुभद्रा लाजली. खरंच लाजली, ते पुस्तकात नव्हतं.

“तसं नाही रे, तसं नाही!” मी अंधारातून ओरडलो. तेवढ्यात वीज आली, मला पान सापडलं आणि बलरामानं मुकाट्यानं गदा उचलून दुर्योधनाचं नाव घेतलं.

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मात्र मघाच्या वाक्याला वन्समोअर दिला. बलरामानं विंगेत माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.