तांदळावर तांदूळ

"ओला आहे, घरी न्या," म्हणत गिरणीवाल्यानं आमची तांदळाची पिशवी बाजूला सरकवली. पायानं! चार माणसांत, सेवानिवृत्त मुख्याध्यापकाची पिशवी. याला हातचा धरायला मीच शिकवला. दळणाच्या पैशात अजून बरोबर धरतो.

अहो, अनारशाचा तांदूळ ओलाच असतो. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास सुटतो. चौथ्या दिवशी निथळून सुती धोतरावर, सावलीत पसरायचा. मुठीत दाबल्यावर गार लागला पाहिजे, पण तळहाताला पाणी लागता कामा नये. दळायची वेळ तीच, आणि मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात ती बघता बघता निघून जाते. तांदूळ खडखडीत वाळला की पीठ गुळाला धरत नाही.

गिरणीवाल्याचंही खरं आहे. ओलं पीठ दगडांत तापून चिकटतं, खालच्या कापडी बाहीत गोळे अडकतात, मग दगड उघडून खरवडत बसा. त्यात सकाळपासून ज्वारी-बाजरी चाललेली. आपल्या आधी कुणाचा तांदूळ असला, तांदळावर तांदूळ पडला तर ठीक, नाहीतर अनारशाला बाजरीचा करडा रंग. हे सगळं मान्य. पाय मान्य नाही.

ज्वारीच्या पोत्यावर बापू बसले होते. त्यांची आणि आमची भिंत एक.

"कामून एवढी खटपट, गुरुजी? तुमच्यात तर केक असतोय ना?"

"अनारसेही असतात, बापू."

"टीव्हीत तर केकच दाखवतेत. अन् ते लाल कपड्याचं, दाढीवालं म्हातारं?"

"ते आपल्या गावात येत नाही."

"कामून? रस्ता खराब म्हनून?"

रस्ता खराब आहे, त्यामुळे मला लगेच उत्तर सुचेना. तेवढ्यात बापूंनी अख्ख्या रांगेला केकची कृती सांगायला घेतली. "काही नसतंय त्यात. अंडी फोडायची, मैदा टाकायचा, भट्टीत सारायचं. झाला नाताळ."

"भट्टी कुणाच्या घरी आहे, बापू?" हिनं विचारलं.

"तुमच्या नसंल का?"

हिनं मग कुकरमधला केक सांगितला: शिट्टी आणि रबराची रिंग काढायची, तळाला मिठाचा थर, त्यावर कडं, त्यावर भांडं, आणि आच मंद. बापूंनी सगळं ऐकलं आणि निकाल दिला, "म्हंजे खरा केक नाहीच की तो!" रांग हसली. गिरणीवालाही हसला.

एवढ्यावर थांबतील ते बापू कसले? "पन गुरुजी, तुमचं मूळ गाव कोनतं म्हनायचं?"

एका भिंतीपलीकडचा माणूस हे विचारतो! रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ आम्हा ख्रिस्ती लोकांचं बेथेल गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. निजामाचं राज्य इथून गेलं 17 सप्टेंबर 1948 ला. म्हणजे निजामसुद्धा आमच्या घरांनी शेजारी शेजारी राहून सोसला. चर्चमध्ये आम्ही पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतो. तरी डिसेंबर आला की कुणीतरी मूळ गाव विचारतंच, आणि मी हसून "हेच" म्हणतो. आताशा हसू यायला जरा वेळ लागतो. दिवाळीत बापूंकडे फराळाला जातो तेव्हा चकलीचं मूळ गाव मी कधी विचारलेलं नाही.

शेवटी मिक्सर. तोही लाइट असेल तेव्हा. थोडा थोडा तांदूळ, थांबून थांबून, कारण सलग फिरवला तर पीठ गरम होऊन भांड्याला लिंपतं. मग बारीक चाळणी. किलोभर तांदळाला पाऊण किलो मऊ गूळ, किसून. चिक्कीचा गूळ चालत नाही. चमचाभर तूप घालून मळायचं, गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात पाच-सहा दिवस. थंडीत एखादा दिवस जास्तच. म्हणून 23 तारखेला तळण काढायचं तर 16-17 पर्यंत डबा भरलेला हवा. पुढं करंज्या आहेत, चांदणीच्या कामट्या बांधायच्या आहेत, रात्री गीतमंडळी आली की पातेलंभर चहा आहे.

तळताना खसखशीची बाजू वर, तूप मध्यम तापलेलं. उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, कढईभर जाळी पसरते आणि झाऱ्यावर चुरा येतो. यासाठी मूठभर कोरडी पिठी बाजूला ठेवायची. हसायला लागला की गोळ्यात थोडी मळायची. पीठ कोरडं पडून थापताना चिरा गेल्या तर पिकल्या केळ्याचा लहान तुकडा. पण बेतानं, केळं जास्त झालं की पुन्हा हसतो.

डबा मुरायला ठेवला त्याच संध्याकाळी बापूंचा नातू दारात. हातात रिकामा स्टीलचा डबा, मोठ्यातला.

"आजोबांनी आधीच देऊन ठेवायला सांगितलाय. गुळाचेच द्या म्हणाले, साखरेचे कडक होतात, दाताला लागतात."

"अन् केक?" मी विचारलं.

"तो नको म्हणाले. कुकरचा असतो."