लाकूड श्वास घेतं म्हणे

आमच्या हॉलमध्ये लाकडी जमीन बसवून गेलेला माणूस आज सकाळी साडेनऊला आला. सांगितलेली वेळ काल संध्याकाळी पाचची होती, पण ते सोडा. अंगात रेनकोट, त्याच्या टोकांवरून पाणी ठिबकतंय आणि हा गृहस्थ तसाच हॉलच्या मधोमध येऊन उभा. फुगलेल्या पट्टीवर बुटाचं टोक दोनदा आपटलं (बूट! घरात!) आणि मला विचारतो, "मॅडम, इथे पाणीबिणी सांडलं होतं का?"

तोवर रेनकोटाखाली वाटीभर तळं साचलं होतं.

मी म्हटलं, हो, सांडतंय ना, जूनपासून रोज, आभाळातून. तो हसला. मग ते वाक्य आलं, जे हे लोक बहुतेक शिकवणीला जाऊन पाठ करतात. "लाकूड जिवंत असतं मॅडम. श्वास घेतं."

अरे, घेतं ना! मग श्वास घेतल्यावर छाती फुगायला जागा नको? चारी भिंतींशी १०-१२ मिलिमीटर फट सोडायची असते. वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी येतं, फट कुणाच्या बापाला दिसत नाही. ह्याने पट्ट्या भिंतीला अशा भिडवल्यात की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. गॅलरीच्या संगमरवरी उंबऱ्याला तर हातोडीने ठोकून बसवल्यात. आता हिशेब करा. १२ फुटांची खोली, १२५ मिलिमीटरच्या २९ पट्ट्या. पट्टीमागे फक्त १ मिलिमीटर फुगलं तरी २९ मिलिमीटर झाले. ते जाणार कुठे? भिंत "या, बसा" म्हणून मागे सरकत नाही. जाणार वर. गेलेत वर. सोफ्यापुढे उंचवटा आलाय, टीपॉय तीन पायांवर उभा आहे आणि बेडरूमचं दार अर्ध्यात अडतं. मी आडवी होऊन आत जाते. नवरा पोट आत घेऊन जातो.

बाकी हॉलची तऱ्हा निराळी. दुपारी गॅलरीतून तिरपा उजेड आला की प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा उचललेल्या आणि मधे खोलगट दिसतं. नळीची कौलं ओळीने उताणी मांडावीत तशी जमीन. एका बाजूने ओला राहिलेला पोळपाट ज्यांनी आयुष्यात एकदा तरी वाकलेला बघितलाय त्यांना कारण सांगायला नको. इथे ओली बाजू खालची आहे, एवढंच.

खालची का ओली? कारण जुनी फरशी काढून दोन इंची सिमेंटचा कोबा टाकला आणि बाराव्या दिवशी त्यावर पट्ट्यांखालचा प्लाय ठोकला. कोबा वाळायला ढोबळमानाने इंचाला महिना धरतात. माझ्या कोब्याला दोन महिने हवे होते, मिळाले बारा दिवस. वरून हात लावलात तर खडखडीत, पोटात पाणी. ते बघायला काही मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दीड फुटाचा पॉलिथिनचा चौकोन कोब्यावर चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा, एक दिवस-रात्र सोडून द्यायचा आणि उचलून बघायचा. आतून थेंब धरलेत किंवा खाली काळपट डाग पडलाय, की काम बंद. खर्च वीस रुपये. आणि पॉलिथिनची टंचाई होती म्हणावं तर त्या दिवसांत घरभर तेच होतं! सोफ्यावर, टीव्हीवर, सासूबाईंच्या देव्हाऱ्यावर. फक्त जिथे हवं होतं, कोबा आणि प्लायच्या मधे, तिथे नव्हतं. पॉलिथिनचा जाड कागद अंथरायचा, जोडावर वीतभर एकावर एक घ्यायचा, टेप मारायची. तेव्हा विचारलंही होतं मी. "मरीन प्लाय आहे मॅडम, टेन्शन घेऊ नका." मरीन म्हणजे त्याचे थर पाण्याने सुटत नाहीत, रे बाबा. खालची ओल वर जायची थांबते असं कोण म्हणालं? आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्या माणसाच्या हातात इथून पुढे मी साधा खिळासुद्धा देणार नाही.

मालाचं कौतुक तर विचारू नका. अमेरिकन ओक, किल्न ड्राइड! म्हणजे हिवाळाभर हीटर चालणाऱ्या घरांसाठी भट्टीत ६ ते ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेला. तो इथे आणलाय, जिथे जुलैत उघड्या खिडक्यांशी बसून आपण भजी खातो आणि लाकूड निवांत १६-१७ टक्क्यांवर जाऊन बसतं. म्हणे "सवय व्हायला" खोके दोन रात्री हॉलमध्ये ठेवले होते. पुण्यातल्या एप्रिलच्या हॉलमध्ये, जेव्हा दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर असते आणि गच्चीत पापड तासाभरात वाळतात! कसली सवय, कुरकुरीत राहायची?

सासूबाई काही बोलत नाहीत. त्या फक्त पायाने चाचपडत चालतात आणि दर दोन पावलांनी "हं" करतात. आज मात्र बोलल्या. "शहाबादीला काय झालं होतं ग?" मग त्यांच्या माहेरच्या वाड्यातला माडीवरचा सागवानी तक्ता आला, तो कसा साठ वर्षं जागचा हलला नाही वगैरे. सागवान ओकाच्या जवळजवळ निम्मंच फुगतं-आटतं, हे मला आता पाठ आहे. मार्चमध्ये मला फक्त रंग पाठ होते.

पण खरा कळस पुढेच आहे. ह्या माणसाने येताना घासायचं मशीन आणलं होतं! "वरच्या कडा घासून देतो, दोन तासांत सपाट." सपाट!! अरे, आत्ता ओल्या पट्टीच्या वर आलेल्या कडा घासल्यास, तर जानेवारीत ती वाळून सरळ झाली की कडा खाली आणि मधे उंटाची पाठ. हे मला कळतं. मला, जिने आयुष्यात रंधा हातात धरलेला नाही. आणि कळतं ते ह्याच जातीच्या माणसामुळे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुख्य दार घट्ट बसायला लागलं, सुतार आला, रंधा मारून गेला, पाचशे रुपये. थंडीत दाराला एवढी फट पडली की समोरच्यांच्या फोडणीत हिंग घातलाय की नाही ते आम्हाला आत बसून कळायचं. दर पावसाळ्यात तोच तमाशा. सिंकखालचं कपाट फुगतं, ड्रॉवर रुसतो, गॅलरीचा उतार बिल्डरने आत काढून ठेवलाय तो वेगळाच. आणि आपण दरवेळी जुलैतच दुरुस्ती काढतो.

मी त्याला म्हटलं, मशीन चालू केलंस तर बघ. आधी स्कर्टिंग काढ, कडेची पट्टी कापून फट मोकळी कर, आणि मग पाऊस सरेपर्यंत हात लावू नकोस. थंडीत बसेल तेवढं बसेल, मग बघू घासायचं की उखडायचं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही त्याचं टीपॉय लंगडतंय. मग म्हणाला, "पण मॅडम, घाई तुम्हालाच होती ना?"

इथे माझी गाडी घसरली.

कारण होती. अक्षय्य तृतीयेच्या आत हॉल पाहिजे म्हणून मीच रोज सकाळ-संध्याकाळ फोन करत होते. नणंद मुंबईहून येणार होती, तिच्याकडे इटालियन मार्बल आहे. हा बिचारा, नाही, बिचारा नाही, हा माणूस एकदा म्हणाला होता, "कोबा अजून आठ-दहा दिवस ठेवू." त्यावर मी काय म्हटलं ते माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि मी ते पुसून टाकलं तरी त्याच्या मोबाईलमध्ये राहणारच. आठ-दहा दिवसांनी काही फरक पडला नसता, हा मुद्दा मला सुचला तो गेल्यावर.

आता घरात मॉइश्चर मीटर आलाय, लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणारा. अठराशे रुपयांचा, दोन सुया असलेला, मुलगी झाल्यावर थर्मामीटर आणला होता तितक्याच काळजीने आणलेला. रोज रात्री मी गुडघ्यावर बसून पट्ट्यांना टोचते आणि वहीत लिहिते. सोफ्याखाली १५, उंबऱ्यापाशी १९. काल पोळपाटाला लावून बघितला. नंतर मऊ पडलेल्या खारीलाही लावला, नवऱ्याने बघितलं आणि तो काही न बोलता दुसऱ्या खोलीत गेला. आडवा होऊन.

मशीन इथेच ठेवून गेलाय. "उद्या येतो." जड आहे, मला हलत नाही. सध्या त्याच्यावर माझी छत्री वाळत घातलीय, खाली परात ठेवून.