‘तक्रार करून उपयोग नाही’ असे सांगणाऱ्या संदेशाबद्दल

‘सरकारी नियंत्रण हटवा, इंटरनेट वाचवा’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेले काही दिवस बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. मला तो तीन गटांतून आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला. चौथ्यांदा तो दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याकडून आला आणि त्याखाली तिने लिहिले होते, ‘आता कळले, मी उगाचच फोन करत बसले होते.’ तेव्हा मात्र तो अथपासून इतिपर्यंत वाचणे भाग पडले. आत्याच्या घरचे इंटरनेट त्या दिवशी बाराव्या दिवशीही बंद होते. गल्लीच्या तोंडाशी झालेल्या खोदकामात फायबर तुटली होती, राउटरवरचा लाल दिवा अहोरात्र लुकलुकत होता, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले होते, आणि कंपनीकडून ‘उद्या माणूस येईल’ याखेरीज काहीही मिळत नव्हते. हा संदेश वाचून आत्याने तक्रार करणेच सोडून दिले. माझा राग त्यासाठी आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : सरकारने ब्रॉडबँडचा वेग २ एमबीपीएसवर बांधून ठेवला आहे, ‘नेट न्यूट्रॅलिटी’च्या, म्हणजे इंटरनेट कंपनीने सर्व संकेतस्थळांना सारखेच वागवावे या, नियमामुळे गरिबांचे फुकट इंटरनेट गेले, अमेरिकेने असे नियम न्यायालयातून रद्द करून घेतले, तेव्हा आपणही करावेत, इंटरनेट कंपनीविरुद्ध ग्राहकाला दाद मागताच येत नाही, कारण ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था तक्रार घेत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेच ग्राहक मंचाचे दार बंद केले आहे, त्यामुळे नियामक संस्था हा पांढरा हत्ती आहे, आणि कंपन्यांवर नियंत्रण ठेवण्याच्या मिषाने सरकार आपले संदेश वाचते व त्याचा खर्च बिलातून वसूल करते.

यांतला चौथा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे मुद्दे वाचून माणूस फार तर चुकीचे बोलेल, पण हा मुद्दा वाचून तो आपला हक्क सोडून देतो. शिवाय हा मुद्दा निव्वळ थाप नाही. त्यात दोन अर्धसत्ये आहेत आणि ती मला नाइलाजाने मान्य करावी लागतात. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही हे खरे आहे. १९९७ च्या ज्या कायद्याने ही संस्था जन्माला आली, त्यात तिला नियम घालण्याचे आणि कंपन्यांकडून ते पाळून घेण्याचे काम दिले आहे. आत्याच्या राउटरचा लाल दिवा विझवणे हे तिचे काम नाही. दुसरे असे की, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने केरळमधल्या एका टेलिफोन जोडणीच्या वादात खरोखरच असा निर्णय दिला होता, की १८८५ च्या तार कायद्यातल्या कलम ७-ब मध्ये अशा वादांसाठी लवादाची तरतूद असल्यामुळे ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही. पुढे कित्येक वर्षे कंपन्यांचे वकील हा निर्णय ढालीसारखा पुढे करत होते, आणि संदेश लिहिणाऱ्याने तो कुठेतरी वाचलेला आहे हे उघड आहे.

त्याने पुढचे पान मात्र उलटलेले नाही. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने व्होडाफोन आयडियाच्या अपिलात नेमका हाच प्रश्न हाताळला, आणि तो वाद परमुलखातला नव्हे, आपल्या शेजारच्या अहमदाबादचा होता. तिथल्या एका ग्राहकाचे मोबाइलचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येत असे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या एका महिन्याचे बिल मात्र २४ हजार रुपयांच्या वर आले. त्याने अहमदाबादच्या ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. कंपनीने २००९ च्या निर्णयाचा आधार घेऊन ‘मंचाला अधिकारच नाही’ असा आक्षेप घेतला आणि तो आक्षेप राज्य आयोगापासून थेट दिल्लीपर्यंत लढवला. एका महिन्याच्या बिलासाठी कंपनी इतक्या वर जाते, यावरून ग्राहक मंचाचे दार बंद ठेवण्यात तिचे किती हित होते ते समजते. न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले. ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला उपाय हा इतर उपायांच्या जोडीला दिलेला आहे, तार कायद्यात लवादाची तरतूद आहे एवढ्याने तो नाहीसा होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे १९८६ च्या जुन्या कायद्यात ती सेवा येत नव्हती’ हा कंपनीचा युक्तिवादही टिकला नाही, कारण जुनी व्याख्या मुळातच सर्व प्रकारच्या सेवा सामावून घेणारी होती. आता तर तो तार कायदाही मागे पडला असून, त्याच्या जागी आणलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तक्रार निवारणाची तरतूद करताना, ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या हक्काला त्यामुळे बाधा येणार नाही असे वेगळे नमूद केले आहे. तेव्हा ‘सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केले’ हे वाक्य २००९ साली खरे होते. आज ते पसरवणे म्हणजे जुन्या वेळापत्रकावरून लोकांना स्टेशनवर पाठवणे आहे.

ट्राय तक्रार घेत नाही यावरून ती निरुपयोगी आहे हा निष्कर्षही असाच घाईचा आहे. तिच्या २०१२ च्या नियमावलीनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्र चालवावे लागते, प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, द्यावा लागतो, आणि तिथे समाधान झाले नाही तर ग्राहक कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत विनाशुल्क अपील करू शकतो, ज्याचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. अपील अधिकारी कंपनीचाच असणे मला स्वतःला पटत नाही, आणि या नियमावलीवर टीका करायचीच असेल तर ती इथे करावी. पण संदेशाच्या लेखकाला ही पायरी आहे याचाच पत्ता नाही. दुरुस्तीच्या दिरंगाईबद्दलही नियम आहे. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमावलीत, बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट देण्याची आणि दिरंगाई वाढेल तशी ती सूट वाढवण्याची तरतूद होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या सेवा-गुणवत्ता नियमांतही घरगुती जोडणीसाठी तीन दिवसांची ती मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर कंपनीने भरपाई द्यायची आहे. नैसर्गिक आपत्तीला यातून सवलत मिळते, आणि ती रास्त आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा फायबर जोडायला माणूस का आला नाही असे कोणी विचारले नसते. आत्याची फायबर मात्र कुदळीने तुटली आहे.

इथे आत्याच्या पदरातही थोडे माप घालायला हवे. तिने सहा महिन्यांचे पैसे गल्लीतल्या मुलाच्या हातात रोख दिले आणि पावती घेतली नाही. बारा दिवसांत नऊ फोन केले, पण एकाही फोनचा डॉकेट क्रमांक टिपून ठेवला नाही. आपल्या जुन्या वस्त्यांत जोडणी आणून देणारा केबलवाला पुष्कळदा परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी असतो, आणि बिघाड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. परवान्याच्या अटी मात्र परवानाधारकाला बांधून असतात, त्यामुळे तक्रार त्याच्याच नावाने करायची. ते नाव आत्याच्या मोबाइलवर आलेल्या ‘तुमचा प्लॅन सुरू झाला आहे’ या संदेशात सापडले, आणि रकमेचा पुरावाही त्यातच निघाला.

आता २ एमबीपीएसबद्दल. संदेशातले हे विधान वाचून मला हसावे की डोके धरावे ते कळेना. केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि ‘ब्रॉडबँड’ म्हणून जी जोडणी विकायची, तिचा डाउनलोडचा वेग किमान २ एमबीपीएस असला पाहिजे असे ठरवले. २००४ च्या धोरणात हीच किमान मर्यादा २५६ केबीपीएस होती (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), २०१३ मध्ये ती ५१२ झाली, आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. संदेशकर्त्याने या ‘किमान’चे ‘कमाल’ केले आणि त्यावर अख्खा परिच्छेद रचला. परीक्षेत उत्तीर्ण व्हायला ३३ गुण लागतात, म्हणून बोर्डाने चौतिसावा गुण मिळवायला बंदी केली आहे, असे म्हणण्यासारखेच हे झाले. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या आत्याच्या नजरेतून ते सुटले याचे मला अधिक वाईट वाटते. शिवाय हा संदेश वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, त्याची जाहिरात रावपुऱ्यात विजेच्या खांबाखांबावर लटकते आहे. सरकारने बंदी घातली असती तर ती जाहिरात तिथे कशी राहिली असती? उलट, २ एमबीपीएस ही मर्यादा आजच्या गरजेच्या मानाने फारच खाली ठेवली आहे, अशी तक्रार कोणी केली तर तिला माझे अनुमोदन आहे. पण ती तक्रार नियमन अपुरे असल्याची झाली, आणि संदेश नेमका त्याच्या उलट बोलतो.

फुकट इंटरनेटचा मुद्दा म्हणजे फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ची जुनी कहाणी. निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीच्यांना पैसे, अशी ती योजना होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली, नियमभंगाला दिवसाला ५० हजार आणि कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला, आणि त्याच महिन्यात फेसबुकने भारतातली ती योजना गुंडाळली. काही गरिबांना त्यातून काहीतरी मिळाले असते, हे मी नाकारत नाही. पण जे गेले ते इंटरनेट नव्हते. कोणती दुकाने उघडी दिसावीत हे एका व्यापाऱ्याने ठरवलेला बाजार होता. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आल्यानंतर डेटाचे दर असे कोसळले की त्या फुकटाची आठवणही कोणाला राहिली नाही.

अमेरिकेचा दाखला अर्धवट आहे. तिथल्या सहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द केले ते, तिथल्या दूरसंचार आयोगाला असे नियम करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही या कारणावरून. नियम वाईट आहेत, असा तो निकाल नाही, आणि कॅलिफोर्नियाचा २०१८ चा स्वतःचा कायदा त्यानंतरही उभा आहे. आपल्याकडे हे तत्त्व २०१८ मध्ये कंपन्यांच्या परवान्याच्या अटींतच घातले गेले, त्यामुळे तिथला निकाल इथे लावता येत नाही.

सरकार संदेश वाचते याचा पुरावा म्हणून ‘तीन निळ्या खुणा’ दाखवल्या आहेत. ही अफवा अनेक वर्षे जुनी असून सरकारी तथ्यतपासणी विभागाने ती वारंवार खोडली आहे. व्हॉट्सॲपमध्ये तिसरी खूणच नाही. मात्र सरकारच्या हातातल्या अधिकाराची भीती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कायद्याने संदेश अडवून तपासण्याचा अधिकार सरकारकडे आहे, इंटरनेट बंद करण्याचाही आहे, आणि २०१५ च्या ऑगस्टात पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइल इंटरनेट बंद झाले ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरवले आणि बेमुदत बंदी अमान्य केली. पण इंटरनेट बंद करण्याचा अधिकार वेगळा आणि बंद पडलेले इंटरनेट तीन दिवसांत सुरू करायला लावणारा नियम वेगळा. पहिल्याची भीती दाखवून दुसरा मोडीत काढायचा, हे संदेशाचे खरे कसब आहे.

दरांबद्दल दोनच वाक्ये पुरेत. घरगुती ब्रॉडबँडचे दर ट्राय ठरवत नाही, ते कंपन्यांवर सोडलेले आहेत. परवाना शुल्क आणि बिलावरचा १८ टक्के जीएसटी शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातो, एवढे मात्र खरे आहे.

रविवारी मी आत्याकडे गेलो. तिने फोन स्पीकरवर ठेवला, डॉकेट क्रमांक कॅलेंडरच्या चौकटीत लिहून घेतला आणि पलीकडच्या मुलीकडून तो दोनदा म्हणवून घेतला. तीन दिवस वाट पाहून, लाल दिवा तसाच असल्यामुळे, बुधवारी आम्ही अपील पाठवले, त्यात भाड्यातल्या सुटीचीही मागणी केली. गुरुवारी दुपारी शिडी घेऊन माणूस आला. फायबर जोडली गेली. सुटीबद्दलचे उत्तर अजून यायचे आहे, आणि आत्याने कॅलेंडरवर एकोणचाळिसाव्या दिवसाभोवती लाल पेनाने गोल काढून ठेवला आहे.