रॅम वाढवून सॅम्पलर ‘दमदार’ होत नाही, भाऊ

धुमाल पार्ट्या (वरातीत-मिरवणुकीत वाजवणारे बँड) आणि ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. नागपुरातल्या इतक्या वादकांनी तो मला पाठवला, की एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं. सॅम्पलर म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे (सॅम्पल) आपल्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, भरून पॅड मारला की वाजवणारं मशीन. मेसेज असा: “जुना सॅम्पलर विकू नका, त्यात रॅम वाढवा. आवाज दमदार होतो. पॅड मारल्यावर होणारा उशीर जातो. एका वेळी दुप्पट आवाज वाजतात. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुन्या कॉम्प्युटरची रॅम मिळते, कोणतीही चालते. एकदा सॅम्पल लोड केले की कायमचे.”

जुना सॅम्पलर विकू नका, हे मान्य. बाकीच्यात मोठा घोळ आहे.

आधी ‘दमदार’ आवाजाचं बघू. सॅम्पलरची मेमरी वाढली म्हणजे रेकॉर्डिंगला जास्त वेळ मिळाला, एवढंच. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो. अकाई कंपनीच्या एमपीसी-२०००एक्सएल या सॅम्पलरमध्ये मुळात २ एमबी असतात, म्हणजे जेमतेम १२ सेकंद. त्यात जास्तीत जास्त ३२ एमबी बसतात, म्हणजे तीन मिनिटं दहा सेकंद. दोन्हीकडे आवाज तोच: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. आवाजाचा पोत ठरतो तो किती बिटांत आणि किती दराने रेकॉर्ड होतं त्यावर, आणि आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या आत-बाहेरच्या कन्व्हर्टरवर. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये सगळं मिळून दहाच सेकंद मावत, तेही १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच खरखरीत आवाजासाठी लोक आजही त्या मशीनला वाट्टेल ती किंमत मोजतात. जागा पुरावी म्हणून तेव्हाचे लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर पळवून भरत आणि मग पॅडवर तिचा सूर खाली आणत. त्यांचा आवाज घडला तो अपुऱ्या मेमरीतून.

एक सवलत देतो. जागा कमी पडली म्हणून तुम्ही सॅम्पल अर्ध्या दराने भरत असाल, तर रॅम वाढल्यावर ती काटकसर करावी लागणार नाही आणि आवाज उघडेल. पण आपल्याकडे पॅडवर वाजतं काय? हलगीचा ठोका, ढोलाचा घुमा, टाळी, झांज. अर्ध्या सेकंदाचा मोनो ठोका ४४ हजार बाइटांत बसतो. २ एमबीत असे चाळीसहून जास्त ठोके मावतात.

आता उशीर. हे दुखणं खरं आहे, म्हणूनच मेसेज इतका पसरला. पण औषध चुकलंय. या मशीनमध्ये वाजणारा सॅम्पल आधीच रॅममध्ये पडलेला असतो. आतली रॅमची पट्टी २ एमबीची असो की ३२ ची, तो तेवढ्याच वेळात वाचला जातो. वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या मिडीच्या वायरवरून एक नोट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्याचाही रॅमशी संबंध नाही. मग पॅड मागे का पडतो? दहातल्या आठ वेळा दोष सॅम्पलच्या सुरुवातीला असतो. आपले बहुतेक आवाज कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून एमपी-थ्री होऊन आलेले असतात. एमपी-थ्री करताना आणि उघडताना मिळून आवाजाच्या सुरुवातीला हजारभर नमुन्यांची शांतता चिकटते, ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) सुमारे २५ मिलिसेकंद. काही प्रोग्राम ती कापून टाकतात, बरेच कापत नाहीत. त्यात ज्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलं त्याची बटण दाबल्यापासून पहिल्या ठोक्यापर्यंतची शांतता वेगळीच. मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत चौपटीतली एक मात्रा, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १०० मिलिसेकंदांची असते. तिचा पाव हिस्सा असा वाया गेला, तर वरातीतला नाचणारासुद्धा अडखळतो, पॅडवाला तर अडखळतोच.

उपाय फुकट आहे. ट्रिमच्या (सॅम्पलची सुरुवात-शेवट कापायच्या) स्क्रीनवर जा, लाट जिथून उठते तिथवर सुरुवात सरकवा आणि कानाने तपासा. उठणारी कड मात्र कापू नका, नाहीतर ठोका बोथट होतो. शक्यतो मूळ, एमपी-थ्री न केलेली वेव्ह फाइल मागवा. एवढं करूनही मागे वाटलं तर तुम्ही आवाज कुठून ऐकताय ते पाहा. स्पीकरचा बॉक्स दहा मीटर पुढच्या गाडीवर असेल, तर जवळजवळ ३० मिलिसेकंद हवेतच जातात. कानाजवळ छोटा मॉनिटर ठेवा.

‘दुप्पट आवाज’ हा दावा दोन ओळींत निकाली निघतो. २०००एक्सएलमध्ये एका वेळी ३२ व्हॉइस, म्हणजे ३२ आवाज, वाजतात, २ एमबी असो वा ३२. झांजेची शेपटी मध्येच तुटत असेल तर स्टिरिओ सॅम्पल मोनो करा, कारण स्टिरिओ एक वाजला की दोन व्हॉइस अडतात.

‘कोणतीही रॅम चालते’ हे मात्र नुसतं चूक नाही, मशीनच्या जिवावर उठणारं आहे. २०००एक्सएलला ७२ पिनांची सिम (जुन्या घडणीची रॅमपट्टी, फोनचं सिम नव्हे) लागते, ३२ एमबीसाठी १६-१६ च्या दोन. ती ५ व्होल्टवर चालते. बर्डीच्या दुकानात आज जी जुनी रॅम म्हणून हातात पडते ती डीडीआर-टू नाहीतर डीडीआर-थ्री: २४० पिना, १.८ किंवा १.५ व्होल्ट. ती खाचेत बसतच नाही, आणि घासून बसवणारे महाभाग आहेत म्हणून लिहितोय, बसवू नका. एमपीसी-१००० चं प्रकरण वेगळं, तिथे १६ एमबीवरून १२८ पर्यंत जाता येतं, पण त्याची पट्टी सिम नव्हे. रोलँडच्या एसपीडी-एसएक्स पॅडमध्ये आतली साठवण कायमची जोडलेली आहे, तुम्ही वाढवू शकत नाही. आणि त्यांच्याच एसपीडी-२० पॅडमध्ये सॅम्पलिंगच नाही. त्यात रॅम टाकून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पट्टी योग्य मिळाली तरी प्लग काढूनच झाकण उघडा, कारण पॉवर सप्लाय आतच असतो. सिम तिरकी घालून उभी केली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक करतात. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, ती रॅमला मारते. आधी पंपाच्या नळाला किंवा एखाद्या अर्थ केलेल्या धातूला हात लावा.

राहिलं ‘कायमचे’. रॅममधलं सगळं वीज जाताच पुसलं जातं. मिरवणुकीत जनरेटर एकदा उचकी देऊन बंद पडला की पॅड मुके. यामाहाच्या मोटिफ एक्सएफ कीबोर्डला फ्लॅशचे (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीचे) बोर्ड लावता येतात, त्यातलं टिकतं. पण ती रॅम नव्हे, वेगळी वस्तू आहे. २०००एक्सएलमध्ये ३२ एमबी भरले तर ते फ्लॉपीवर ठेवायला १.४४ एमबीच्या २३ फ्लॉप्या लागतील, आणि वीज गेल्यावर त्या एकेक करून पुन्हा वाचाव्या लागतील. म्हणजे रॅम वाढवली की हा त्रास वाढतोच. म्हणून पैसे आधी मशीनच्या स्कझी पोर्टला (बाहेरची डिस्क जोडायच्या जुन्या खाचेला) एसडी कार्ड जोडणाऱ्या उपकरणात घाला. ब्लूस्कझी, झुलूस्कझी अशी मिळतात.

आता रॅम खरंच कुणी घ्यावी? जो पॅडवर आख्ख्या कडव्याचा कोरस, भीमगीताची सुरुवातीची धून किंवा लांबलचक लूप वाजवतो आणि ‘मेमरी फुल’चा संदेश पाहून वैतागलाय, त्याने. विकत घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मशीन सोबत न्या, पट्ट्या तिथेच बसवा आणि स्क्रीनवर पूर्ण ३२ एमबी दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.