उकडलेला पास्ता ओट्यावर ठेवू नका

'बेक्ड पास्त्याची पाच गुपितं' हा मेसेज सध्या सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या अशा सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो इंदिरानगरच्या वहिनींनी पाठवला आणि खाली विचारलं, "मग शुक्रवारीच उकडून ओट्यावर ठेवते, रविवारी रात्री बेक करू ना?"

नाही वहिनी, अजिबात नाही.

मेसेज म्हणतो, 'पास्ता दोन दिवस आधी उकडून बाहेर झाकून ठेवा, फ्रीजमध्ये तो रबर होतो. बेक करताना जंतू मरतातच.' जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष तसंच राहतं. भात काय, पास्ता काय, अशा पिठूळ पदार्थांत बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. पास्ता कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्या काही जाती सेरुलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष कुकरच्या 120 अंशांनाही नष्ट होत नाही. ओव्हन 200 वर लावला तरी सॉसमधल्या ओल्या पास्त्याचं तापमान 100 च्या आसपासच राहतं, मग तिथे काय होणार? वासावरून किंवा चवीवरून ते ओळखूही येत नाही.

2008 साली ब्रसेल्समध्ये 20 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने टोमॅटो सॉसमधली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. ती पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेरच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मृत आढळला. 'जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी'त 2011 मध्ये या घटनेचा पूर्ण अहवाल छापून आला आहे. पाच दिवस हे टोक झालं, मान्य. पण एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पोट बिघडायला एक रात्रही पुरू शकते. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, भर उन्हाळ्यात तर तासाभरातच.

'फ्रीजमध्ये रबर होतो' यात थोडं तथ्य आहे. थंडीत स्टार्च घट्ट होतो. पण उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवला की पास्ता पुन्हा मऊ पडतो. एवढ्यासाठी तो बाहेर कशाला ठेवायचा?

'उकळत्या पाण्यात तेल घाला, पास्ता चिकटत नाही.' तेल पाण्यावर तरंगतं आणि निथळताना पास्त्याला लागतं, मग सॉस धरत नाही. चिकटू नये म्हणून 250 ग्रॅम पेने पास्त्याला अडीच लिटर पाणी घ्या आणि पहिली दोन मिनिटं ढवळा. फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर मात्र निथळल्यावर चमचाभर तेल चोळा, तिथे ते कामाचं.

'सगळा पास्ता मैद्याचाच.' पाकीट उलटून बघा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलं असेल तर मैदा नाही. मैद्याचाही मिळतो आणि तो लवकर गाळ होतो.

'ओव्हन नसेल तर कुकरमध्ये बेक करा, कुकर रिंग-शिट्टीसकट तापवा.' पाण्याशिवाय असं केलं तर रिंग जळते, सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. दोन्ही काढा. तळाशी दोन वाट्या मीठ, वर स्टँड, दहा मिनिटं मध्यम आच, मग भांडं ठेवून मंद आचेवर 25 मिनिटं. आच खालून असल्याने वरून खरपूस होणार नाही. त्यासाठी पावाचा चुरा बटरवर कुरकुरीत परतून वाढताना पेरा.

'व्हाइट सॉस श्रीखंडासारखा घट्ट हवा.' बेक्ड पास्ता कोरडा होण्याचं मुख्य कारण हेच. पास्ता ओव्हनमध्येही सॉस पितो. 30 ग्रॅम बटरवर 30 ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग येऊ देऊ नका. मग 600 मिली गार दूध थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी गुठळ्या मोडा. चमच्यावरून कढीपेक्षा जरा दाट धार पडली की गॅस बंद.

तर वहिनी, शनिवारी संध्याकाळी पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी पास्ता काढा, परातीत पसरून गार करा, तेल चोळून झाकणाच्या डब्यात लगेच फ्रीजमध्ये ठेवा. पिंपळगावचे लालबुंद टोमॅटो मिळाले तर अर्धा किलो, सहा लसूण पाकळ्यांबरोबर तेल सुटेपर्यंत आटवा. रविवारी रात्री हा टोमॅटो सॉस आणि व्हाइट सॉस गरम करून पास्ता मिसळा, वर 100 ग्रॅम मोझरेला पसरा. तुमचा ओटीजी दहा मिनिटं आधी तापवून 200 अंशांवर 20 मिनिटं. कडेने बुडबुडे आले की काढा आणि वाढण्याआधी दहा मिनिटं तसाच राहू द्या, नाहीतर सॉस ताटभर पसरेल.