साळ दक्षिणेलाच का वाहते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दक्षिण गोव्यातल्या साळ नदीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. सह्याद्रीत उगम नाही, तर तिला नदी का म्हणायचं? समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर असताना ती दक्षिणेकडे कशी वाहील, मी नकाशा आडवा धरला होता का? आणि मडगावची घाण वाहणाऱ्या नाल्याचं एवढं कौतुक कशासाठी? खरी गंमत दुसऱ्या आक्षेपात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वेर्ण्याच्या बाजूला साळ सुरू होते तिथून किनारा खरंच लांब नाही. पण मधे वाळू आहे. वेळसांवपासून मोबोरपर्यंत सलग पसरलेला हा रेतीचा पट्टा समुद्रानेच टाकलेला. त्यावर माड, घरं आणि आता हॉटेलं उभी आहेत. त्याची पाठ आतल्या भातशेतीपेक्षा उंच. पूर्वेला मडगाव-वेर्ण्याकडची जांभ्याची उंच जमीन. या दोन उंचवट्यांच्या मधे जी लांबट पन्हळ राहिली, ती साळीची वाट. जांभ्यात मुरलेलं पावसाचं पाणी घेऊन ओहोळ निघतात पश्चिमेलाच, पण वाळूशी अडतात आणि डावीकडे वळतात. मग बाणावली, नावेली, वार्का, ओर्ली, कार्मोणा, चिंचणी, असोळणा, केळशी असं करत नदी किनाऱ्याला समांतर जाते. मोबोरचा वाळूचा दांडा संपतो आणि समोर बेतुलची डोंगरी जमीन लागते, तिथे कुठे तिला समुद्र भेटतो. त्या मुखाशीही वाळू साचतेच. कुटबणच्या धक्क्यावरच्या ट्रॉलरवाल्यांना विचारा, ते माझ्यापेक्षा तिखट शब्दांत सांगतील.

आता सह्याद्रीचा हट्ट. गोव्याचं क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर, आणि ते 9 नद्यांच्या खोऱ्यांत विभागलं जातं. मांडवी 1580, जुवारी 973, आणि तिसरी कोण? साळ, 301. शापोरा 255 वर आहे. सह्याद्रीतून येणाऱ्या तेरेखोलच्या खोऱ्याचा गोव्यातला भाग 71. तेरेखोलला नदी म्हणायला तुमची हरकत नसावी!

उगमापेक्षा इथे भरती महत्त्वाची. उतार इतका कमी की समुद्राचं पाणी बरंच आत चढतं, आणि पावसाळा सरल्यावर खालच्या टप्प्यात खाऱ्या पाण्याचंच राज्य. म्हणून काठावर खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं झाली: मातीचे बांध, त्यांत मानशी, म्हणजे पाणी सोडायची दारं बसवलेल्या मोऱ्या. भरती आली की मानशीची दारं पाण्याच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर पडतं. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि कालवं मिळतात तीही या गोड्या-खाऱ्या मिसळीमुळेच. पाणी दिवसातून दोनदा उलटं फिरतं म्हणून कोणी तिला खाडी म्हणालं, तर खालच्या टप्प्यापुरतं मी ऐकून घेईन. नाला मात्र नाही. 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत घातलेला 14 किलोमीटरचा टप्पा याच नदीचा आहे. (त्या जलमार्गाचा उपयोग किती, हे वेगळं भांडण.)

घाणीबद्दल तुमचा राग रास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदी-पट्ट्यांच्या यादीत खारेबांद ते मोबोर हा साळीचा पट्टा आहे, म्हणजे मडगावपासून थेट मुखापर्यंत. आणि इथेही उताराचाच प्रश्न येतो. शहराने सोडलेलं सांडपाणी उन्हाळ्यात झटकन वाहून जात नाही. ओहोटीला थोडं खाली सरकतं, भरतीला पुन्हा वर ढकललं जातं. डोंगरातून धावत येणाऱ्या नदीला जे काही अंशी पचेल, ते साळीला पचत नाही. तुम्ही ‘नाला’ म्हणून हात झटकलेत. माझ्या मते याच कारणासाठी तिथे एकही गटार सोडता कामा नये.

जाता जाता: तुम्ही उल्लेख केलेलं शिमग्यातल्या ‘गडे’ उत्सवाचं साळ गाव डिचोली तालुक्यातलं. ते पार उत्तरेला, या नदीच्या काठी नाही.