"आजोबा, लक्ष कुठे असतं तुमचं?"

सकाळपासून हे एकच वाक्य डोक्यात घुमतंय, म्हणून लिहितेय. लांबलंय, तरी वाचा.

आज बाबांना घेऊन एका खासगी हॉस्पिटलात गेले होते. ईसीएचएसच्या यादीतलं, म्हणजे माजी सैनिकांवर कार्डावर उपचार करणारं. पॉलिक्लिनिकचं रेफरल होतं, कार्ड होतं. काउंटरवर म्हणाले, दोन्हींची झेरॉक्स आणा. मी जिना उतरून रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळाले. परत येईपर्यंत बाबांचं नाव दोनदा पुकारून नंबर गेला होता, आणि काउंटरवरची मुलगी सगळ्यांसमोर त्यांना हे विचारत होती.

अगं, तोफखान्यातला माणूस आहे तो! नाशिक रोडला ट्रेनिंग, १९७१ ला सीमेवर. कानात कापसाचा बोळा घालून तोफेशेजारी उभं राहायचे. त्या कानांना आता हाका पोचत नाहीत. श्रवणयंत्र आहे, पण गर्दीत त्यातून नुसती खरखर येते म्हणून ते खिशात ठेवतात. भिंतीवर नंबर दाखवणारा एक बोर्ड लावायला काय जातं?

योजना वाईट आहे असं नाही. २००३ ला सुरू झाली, बाबा १९९६ च्या आधी निवृत्त झालेले म्हणून वर्गणीही भरावी लागली नाही, बायपास त्याच कार्डावर झाली. हॉस्पिटलांची बिलं सरकारकडे थकतात, तेही ऐकून आहे. असेल. पण ते भांडण त्यांनी आपसात मिटवावं, म्हाताऱ्या माणसाला का ताटकळत ठेवायचं?

आणि फौजींकडे निदान कार्ड तरी आहे. आमच्या शेजारचे काका अग्निशमन दलातून निवृत्त झाले. त्यांचा खोकला भिंतीपलीकडून रात्रभर ऐकू येतो. आयुष्यभर धूर गिळला, आता सरकारी दवाखान्याच्या रांगेत सकाळी सातला एकटे जाऊन उभे राहतात. १४ एप्रिलला आपण १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांचे फोटो शेअर करतो. २०१५ ला काळबादेवीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले तेव्हाही केले होते. जे वाचले आणि म्हातारे झाले, त्यांच्यासोबत रांगेत कोण उभं राहतं? मीसुद्धा काकांना कधी विचारलं नव्हतं. आज संध्याकाळी विचारलं. ते "नको गं, तुझी नोकरी आहे" म्हणाले.

ती मुलगीही सकाळपासून शंभर माणसांना तोंड देत असेल, कबूल. पण बाबा तिच्यासमोर ताठ उभे होते, हात पँटच्या शिवणीला, साहेबापुढे उभं राहावं तसे. ती ओरडतेय हेही त्यांना कळलं नव्हतं. मला बघून हसले आणि म्हणाले, "झाली झेरॉक्स?"

मी तिच्याशी भांडले नाही. घसा दाटला होता.

टॅक्सीत बाबांनी विचारलं, "काय म्हणत होती गं ती?" मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मंगळवारी या म्हणाली."

तर मंगळवारी परत जायचंय. झेरॉक्सच्या चार-चार प्रती आत्ताच काढून ठेवल्यात. लालबाग-काळाचौकीतलं कुणी सकाळी मोकळं असेल तर सांगा, काकांबरोबर दवाखान्यात जायलाही एक माणूस हवाय. ते नको म्हणतील. तरी या.